नेपोलियनने श्रावणात राब भाजले

मोहिनी भोयेला सूड घ्यायचा होता. राग आला होता, वाईट वाटलं होतं, असलं काही मुळमुळीत नाही. सूड. चांगला तापवलेला, वर्षभर मुरवलेला, बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल असा. दहावीचं वर्ष, होस्टेलच्या वॉर्डनबाईंची शिट्टी, भूमितीतली प्रमेयं, यातलं काहीही डोक्यात शिरायच्या आधी रोज सकाळी दात घासताना तिला ललित गटकळचे दात आठवायचे. फ्लेक्सवरचे. एकेक दात विटेएवढा.

गोष्ट गेल्या वर्षीची. नाशिकच्या एका मंडळाने निबंध स्पर्धा ठेवली होती, 'इतिहास वेगळा घडला असता तर'. वर्गातली सगळी पोरं पानिपत जिंकायला धावली. मोहिनीने मात्र शाळेच्या वाचनालयातून नेपोलियनचं एक जाडजूड, वाळवी लागलेलं पुस्तक उचललं. कारण काय, तर त्याचं पोट आणि टोपी बघून तिला हसू आलं. पण तिसऱ्याच पानावर ती सरळ होऊन बसली. हा गडी फ्रान्सचा सम्राट झाला खरा, पण जन्मला कॉर्सिका नावाच्या डोंगराळ बेटावर. दहा वर्षांचाही नव्हता तेव्हा त्याला फ्रान्सच्या सैनिकी शाळेत टाकला, आणि तिथली घरंदाज पोरं त्याच्या बोलण्याला हसायची!

म्हणजे अगदी आपलीच गत की! सहावीत ती सुरगाण्याच्या डोंगरातल्या पाड्यावरून नाशिकला आली, त्या पहिल्याच दिवशी "सर, माझ्याकडं पुस्तक नाय" एवढंच म्हणाली होती. पन्नास पोरं हसली. सगळ्यात मोठ्याने हसला दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराचा मुलगा, ललित कारभारी गटकळ. त्यानेच तिचं नाव 'नागली', म्हणजे डोंगरातली नाचणी, ठेवलं. वर्गात आजही तेच चालायचं.

मग मोहिनीने नेपोलियनला उचलून थेट सुरगाण्यात जन्माला घातला. त्याचं नाव ठेवलं नेपू. नेपूला नागलीची भाकर खायला घातली, डांगी बैलाच्या पाठीवर बसवला, सागाच्या पानांची टोपी दिली. घाट कुठून चढतो, झरा कुठे आटतो, हे त्याला बापाने शिकवलं. तलवारही न धरलेला तो पोरगा डोंगराचा नकाशा डोक्यात घेऊन हिंडायचा. बारा पानं झाली. मोहिनीला आयुष्यात पहिल्यांदा आपलंच काहीतरी पुन्हापुन्हा वाचावंसं वाटलं.

निबंध टाइप करून ईमेलने पाठवायचा होता. होस्टेलमध्ये मोबाईलला बंदी. ललितकडे लॅपटॉप.

"दे की, मी करतो टाइप," तो म्हणाला. "आपण क्लासमेट ना, नागली?"

तिने दिला. त्याने इमानेइतबारे शब्द न् शब्द टाइप केला. फक्त वरचं नाव बदललं.

पहिलं बक्षीस. दिंडोरीच्या चौफुलीवर वीस फुटी फ्लेक्स. 'युवा इतिहासकार ललित कारभारी गटकळ यांचे हार्दिक अभिनंदन', खाली शुभेच्छुकांचे बावीस फोटो. एवढंच असतं तर मोहिनीने कदाचित दोन-तीन महिने रडून विषय सोडला असता. पण तो फ्लेक्स खांबावर चढून बांधला कुणी? सोमा भोयेने. तिच्या बापाने. सोमा छाटणीच्या टोळीचा मुकादम. दरवर्षी पाड्यावरची वीसबावीस माणसं घेऊन तो गटकळांच्या बागेत यायचा. मालक म्हणाला, सोमा, जरा चढ. सोमा चढला.

"लय मोठा फोटू," सुट्टीत घरी आल्यावर त्याने कौतुकाने सांगितलं होतं. "तार अशी आवळली मोहने, वादळ आलं तरी हलायचा नाय!"

तो निबंध आपला होता, हे मोहिनीने त्याला सांगितलंच नाही. पण ती तार तिच्या पोटात आवळली गेली ती गेलीच.

शाळेत तिने मराठीच्या शेखर सरांना सांगून पाहिलं. सरांनी चष्मा पुसला. "पुरावा आहे का?"

"माझ्या हातचं लिहिलेलं होतं, सर. त्याच्याकडंच राहिलं."

"मग विसर आता. पुढच्या वर्षी अजून चांगलं लिही."

पुढचं वर्ष आलं. मोहिनी विसरली नव्हती. मधल्या काळात एक झालं होतं. तिची भीड चेपली होती. जूनमध्ये प्रार्थनेच्या वेळी बोलायचा नंबर लागला, ती उभी राहिली आणि सात मिनिटं न अडखळता बोलली. हजार पोरं गप्प! ती चव अशी लागली की विचारू नका. तेव्हापासून ती प्रत्येक वक्तृत्व स्पर्धेत नाव द्यायची. 'नाय' आणि 'हाय' तिने सोडलं नव्हतं. उलट आता ठणकावून म्हणायची.

ऑगस्टमध्ये मंडळाचं पत्र आलं. यंदा स्पर्धा बोलण्याची. आठ मिनिटं. प्रत्येक भाषणानंतर दुसऱ्या एका स्पर्धकाने उठून एक प्रश्न विचारायचा. प्रेक्षकांच्या प्रतिसादाला दहा गुण. आणि खाली खास ओळ होती. 'गतवर्षीचे विजेते ललित गटकळ यांनी आपल्या कथेचा पुढील भाग, नेपोलियनची पहिली लढाई, सादर करावा अशी परीक्षकांची इच्छा आहे.'

शेखर सरांनी पत्र वर्गात वाचलं तेव्हा मोहिनीने मान वळवून ललितकडे पाहिलं. त्याचा चेहरा कच्च्या द्राक्षासारखा झाला होता. चोरलेला घोडा एकदा पळवता येतो हो. पण त्याला खायला काय घालायचं, हे माहीत नको का?

"आता हा मरतोय," बाकावरची शेजारीण योगिनी कुजबुजली. योगिनीचे वडील सिन्नरच्या एमआयडीसीत होते, घर नाशिकला, आणि अख्ख्या वर्गात तिचा एकटीचाच मोहिनीच्या बारा पानांवर विश्वास होता. "आपण काही करायलाच नको. उभा राहील आणि ततपप करेल."

"नाय. बापाला सांगेल, बाप कुणाकडून तरी लिहून आणेल. तो सुटेल."

"मग सरळ धरू आणि हाणू."

"हाणलेलं दोन दिवसांत उतरतं गं. मला न उतरणारं पायजे."

उत्तर त्या वाळवीच्या पुस्तकातच होतं. एका लढाईत नेपोलियनने चांगली उंच जागा आपणहून सोडून दिली. आपण दुबळे आहोत, घाबरलोय, असं भासवलं. शत्रू खुशीत पुढे आला आणि मधोमध कापला गेला. मोहिनीने ते पान तीनदा वाचलं. आपल्याकडे टेकडी नाही. पण दोनशे पानी वही आहे.

खरी लढाई तिच्या डोक्यात तयारच होती. सुरतेकडून इंग्रजांच्या कंपनीची पलटण घाट चढून येते. वैशाखाचे दिवस. आता डोंगरात वैशाख म्हणजे राब भाजायचे दिवस, हे तिकडचं शेंबडं पोरही सांगेल. भाताचं रोप टाकायची जागा आधी भाजून घेतात. तिथे फांद्या, पालापाचोळा, शेण पसरायचं आणि पेटवून द्यायचं. मग पाऊस पडला की त्या राखेत बी पेरायचं. नेपूकडे माणसं तीस. तो सगळ्या पाड्यांना निरोप धाडतो, आज संध्याकाळी सगळ्यांनी एकदम राब पेटवा. तीन डोंगरांवर तीनशे जाळ! खाली दरीत उभ्या कर्नलला वाटतं, ही दहा हजारांची छावणी. पलटण आल्या वाटेने परत. एकही गोळी न झाडता पहिली लढाई जिंकली.

आता वहीत तिने ही लढाई लिहिली, अगदी सुंदर, अलंकार घालून. फक्त वैशाखाचा श्रावण केला. श्रावणात राब भाजले. श्रावणात, जेव्हा त्याच जागी रोपं उपटून आवणी, म्हणजे लावणी, झालेली असते आणि खाचरात गुडघाभर पाणी असतं! शिवाय हात सैल सोडून आणखी दोन गोष्टी टाकल्या. जाळ पेटवून नेपूचे सैनिक त्याच आठवड्यात कापलेल्या नव्या नागलीच्या भाकरी खातात. नागली तेव्हा कुठे वीतभर उगवलेली असते. आणि रानात मोहाची फुलं वेचणाऱ्या बायका शत्रूवर पाळत ठेवतात. मोहाची फुलं चैत्र सरता सरता संपलेली असतात.

योगिनीने वही वाचून परत केली. "मला तर यात काही चुकीचं दिसत नाही."

"म्हणून तर. तुला नाय दिसलं तर त्याला कसं दिसेल? तुम्ही बंगलेवाले सगळे सारखेच."

"ए, आमचा वन बीएचके आहे हां!"

"ललितच्या बागेत आमची माणसं वर्षातले चार महिने राहतात, योगिनी. त्याच्या घरामागच्या पत्र्याच्या खोल्यांत. त्यातल्या एकाला जरी त्याने कधी विचारलं ना, की बाबा, तुमच्याकडे कुठल्या महिन्यात काय असतं, तर तो वाचला. एवढी सोपी सुटका ठेवलीय मी त्याला." मोहिनीने वही बंद केली. "पण तो नाय विचारायचा."

सप्टेंबरच्या एका मंगळवारी, पीटीच्या तासाआधी योगिनी ललितच्या बाकाजवळ उभी राहून मोठ्या आवाजात म्हणाली, "मोहिनी, तू लढाईचा भाग लिहून पूर्ण केलास? मग आता वही दप्तरात काय ठेवतेस, पाठ कर ना!" आणि मोहिनी म्हणाली, "मी नाय बोलणार यंदा त्याच्यावर. त्याचीच गोष्ट म्हणतील सगळे. मी दुसरा विषय घेणार." आणि दोघी मैदानावर पळाल्या. वही बाकावर. वहीत पहिल्या पानावर ओढणीचा एक लाल दोरा.

पीटी संपली. वही जागच्या जागी होती. दोरा फरशीवर होता.

योगिनीने तोंड दाबून तिथेच एक गिरकी घेतली.

*

स्पर्धा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, गंगापूर रोडच्या एका सभागृहात. ललितचा नंबर सहावा, मोहिनीचा अकरावा. मोहिनीने ठरवलं होतं, प्रश्न आपण विचारायचा. एकच प्रश्न, पण नेम धरून.

ती सभागृहाच्या पायऱ्यांवर उभी होती तेव्हा दोन पिकअप गाड्या आत वळल्या. मागच्या हौद्यात दाटीवाटीने माणसं उभी. नव्या टोप्या, धुतलेली लुगडी. पहिल्या गाडीतून ललितचे वडील कारभारी आण्णा गटकळ उतरले, पांढरे कडक कपडे, कपाळाला गंध. मागून माणसं उड्या टाकायला लागली आणि मोहिनी दोन पायऱ्या खाली उतरली. पाड्यावरची लंकाआजी. भागीबाई. तिची स्वतःची आई! आणि सगळ्यांना हाताने रांगेत लावत सोमा.

"बा! तू इथं कसा?"

"अगं मोहने!" सोमाचं तोंड फुललं. "मालक म्हणला, पोराचं भाषण हाय, टाळ्या वाजवायला माणसं पायजेत. दहा मार्क हाईत म्हणं त्याला. छाटणी अर्धा दिस बंद! समोसा बी हाय. तू बी बोलणार का काय? सांगितलं नाय ते?"

"तुझा दिवस बुडेल म्हणून नाय सांगितलं."

"आता मालकानंच बुडवला. तुला बी वाजवू की आम्ही."

हे तिच्या आराखड्यात नव्हतं. कुणी बरं असं करेल? सुरगाण्याची लढाई सांगायची, आणि टाळ्यांना माणसं आणायची तीही सुरगाण्याची! तिला हसूही येईना. बाप मालकाच्या मागच्या रांगेत बसणार. मालकाच्या पोराची फजिती झाली तर मालक पहिला कुणाकडे बघेल? क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे. ललितला बाजूला घेऊन सांगावं, श्रावण काढ, वैशाख घाल.

तेवढ्यात ललित आलाच. नवा कोट, केसांना जेल. तिच्या शेजारून जाताना थांबला.

"काय नागली, दुसरा विषय घेतलास म्हणे? बरं केलंस. आणि तुझ्या लोकांना सांग हां, टाळ्या जोरात. समोसे फुकटचे नाहीत."

"सांगते," मोहिनी म्हणाली.

झालं. दयेचा तो एवढासा थेंब होता, तोही तिथेच सुकला.

*

ललित बोलायला मात्र तरबेज होता, हे मान्य करायलाच हवं. हातवारे, चढउतार, मधूनच शांतता. पहिल्या दोन मिनिटांत कंपनीची पलटण घाटाच्या पायथ्याशी आली. कारभारी आण्णांनी हात वर केला की मागच्या दोन रांगा टाळ्या वाजवत होत्या. मुख्य परीक्षक, इतिहासाच्या प्राध्यापक उज्वला कुलथे मॅडम, कौतुकाने लिहून घेत होत्या.

"श्रावणातली ती संध्याकाळ!" ललितने आवाज चढवला. "सह्याद्री धुक्यात बुडाला होता. आणि त्या भर श्रावणात नेपूने आज्ञा केली... राब पेटवा! तीन डोंगरांवर तीनशे राब भडकले!"

आण्णांनी हात वर केला. टाळी वाजली नाही.

मागच्या रांगेत माणसं एकमेकांकडे बघायला लागली होती. लंकाआजीने शेजारणीच्या कानाला लागून विचारलं, पण तिचं कुजबुजणं म्हणजे दुसऱ्याचं ओरडणं. "काय म्हणला गं? सरावनात राब?"

खसखस पिकली. आण्णांनी मागे वळून डोळे वटारले. ललितला वाटलं, लोक रंगलेत. त्याला आणखी जोर चढला.

"जाळाभोवती बसून सैनिकांनी नुकत्याच कापलेल्या, नव्या नागलीच्या गरमागरम भाकरी खाल्ल्या!"

"कंची नागली?" मागून एक पुरुषी आवाज. "गुजरातची का?"

"आणि रानात मोहाची फुलं वेचणाऱ्या रणरागिणी..."

आता मात्र बांध फुटला. भागीबाईने पदर तोंडात कोंबला होता, तरी तिचे खांदे गदागदा हलत होते. एकजण तर खुर्चीवरून घसरला. शहरातली माणसं काय झालं ते न कळून आधी बावचळली आणि मग हसण्याची लागण होऊन तीही हसायला लागली. प्रतिसाद भरपूर होता. दहा गुणांत मावला नसता! ललितने कसंबसं शेवटचं वाक्य म्हटलं आणि कपाळ पुसलं.

"प्रश्न," कुलथे मॅडम म्हणाल्या. "कोण विचारणार?"

मोहिनी उठली. ऑगस्टपासून या घटकेसाठी तिने किती लांबलचक, किती विषारी प्रश्न रचले होते! आत्ता उभी राहिली तेव्हा त्यातला एकही लागणार नाही, हे तिच्या लक्षात आलं.

"माझा प्रश्न साधा हाय," ती म्हणाली. "राब म्हणजे काय, ते ललितने सभागृहाला सांगावं."

ललितने ओठ चाटले. "राब म्हणजे... शेकोटी. सैनिकांची मोठी शेकोटी. आदिवासी लोक थंडीत..." तो थांबला. "पावसात ऊब मिळावी म्हणून..."

"अरं लेकरा!" लंकाआजी उठूनच उभी राहिली. ऐंशीची म्हातारी, पण आवाज खणखणीत. "राब म्हंजी भाताच्या रोपाची जागा! उन्हाळ्यात भाजत्यात. सरावनात तिथं गुडघा गुडघा पाणी. जाळ काय बेडकांनी लावला?"

कुलथे मॅडमनी हसू गिळलं आणि पेन खाली ठेवलं. "ललित, तुम्ही गेल्या वर्षी याच भागावर इतकं बारकाईने लिहिलं होतंत. घाट, झरे, बैल, सगळं अचूक. मग ही एवढी ढोबळ चूक कशी झाली? हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"मी नाही चुकलो!" ललित ओरडला. माईक चालूच होता. "हिने मुद्दाम चुकीचं लिहून ठेवलं! मला फसवायला वहीत..."

त्याने माईक बंद करायला हात नेला, पण उशीर झाला होता.

"कुणाच्या वहीत?" कुलथे मॅडमनी अगदी हळू विचारलं.

तो माईकपासून मागे सरकला.

"आणि गेल्या वर्षीचं? तेही?"

ललितने बापाकडे पाहिलं. कारभारी आण्णा उठले, हसले, हात जोडले. "मॅडम, पोरं हाईत. एकमेकांच्या वह्या बघत्यात. लहान हाय तो."

"मी बी त्याच्याच वयाची हाय, आण्णा," मोहिनी म्हणाली. "गेल्या वर्षीची बारा पानं माझी होती. याने टाइप केली आणि वर आपलं नाव टाकलं. आता विचारा त्याला, सगळ्यांसमोर."

कुणाला विचारावं लागलं नाही. ललितच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं आणि ते घामाचं नव्हतं. मोहिनीने ते नीट, सावकाश, पोटभर पाहून घेतलं. पुस्तकांत म्हणतात की अशा वेळी मन खिन्न होतं, शत्रूची कीव येते. तिला कसलीही कीव आली नाही. तिला मस्त वाटत होतं. उन्हात तापून आल्यावर माठातलं पाणी प्यावं, तसं!

परीक्षकांचं पाच मिनिटं डोक्याला डोकं लागलं. ललित बाद. गेल्या वर्षीचा निकाल मंडळ पुन्हा तपासणार. मग मॅडम मोहिनीकडे वळल्या.

"तू सापळा लावलास. तेही मला आवडलेलं नाही."

"मला आवडलं, मॅडम," मोहिनीच्या तोंडून निघून गेलं.

मॅडमच्या भुवया वर गेल्या. "असं? मग नियमही ऐक. या स्पर्धेत एकदा सादर झालेला विषय पुन्हा घेतला तर गुण शून्य. तुझ्या नावापुढे दुसरा विषय लिहिलाय. त्याच्यावर बोललीस तर तू स्पर्धेत आहेस. नेपोलियनवर बोलायचं असेल तर बोल, मी अडवणार नाही. पण मी काहीही लिहून घेणार नाही."

शेखर सर धावत आले. "मोहिनी, डोकं शांत ठेव. दुसराच विषय घे. तुझी तयारी चांगली आहे, बक्षिसाची ढाल आपलीच आहे."

तेवढ्यात मागे गलका झाला. कारभारी आण्णा दारात उभे राहून ओरडत होते. "चला रे! बसा गाडीत. सोमा, घे सगळ्यांना."

सोमा उठला नाही. आत्ता आत्ता ऐकलेलं अजून त्याच्या तोंडावर मावत नव्हतं. तो एकदा पोरीकडे बघत होता, एकदा फ्लेक्सची तार आवळलेल्या आपल्या तळहातांकडे.

"सोमा! ऐकू येत नाही का?"

"येतं की, आण्णा. पण आमच्या पोरीचा नंबर यायचा हाय."

"उद्या कामावर यायचंय ना?"

"यायचंय," सोमा म्हणाला. त्याचा आवाज मालकापुढे कधी चढला नव्हता, आत्ताही चढला नाही. "कुणाच्या बागेत ते उद्या ठरवू. छाटणीचे दिस हाईत, आण्णा. टोळीला समदेच बोलवत्यात."

एकही माणूस हलला नाही. लंकाआजीने तर पिशवीतून समोसा काढला आणि मांडी घालून बसली. आण्णा गाडीत जाऊन बसले. ललितलाही जाता आलं नाही. शेवटचा स्पर्धक बोलेपर्यंत कुणाही स्पर्धकाने उठायचं नाही, असा नियम होता आणि शेखर सर त्याच्या खुर्चीशेजारी हाताची घडी घालून उभे होते. तो पहिल्या रांगेत, बरोबर माईकसमोर बसून राहिला.

अकरावा नंबर. मोहिनी चढली. समोर तिचं लिहिलेलं दुसरं भाषण होतं, छान घोटलेलं, ढालीसकट. तिने तो कागद घडी करून ओढणीत खोचला.

"वैशाखातली संध्याकाळ," ती म्हणाली, आणि मागच्या दोन रांगा एकदम हुंकारल्या. हां, आता बरोबर. "सुरतेकडून कंपनीची पलटण घाट चढून आलेली. नेपूकडं माणसं तीस. पण पाड्यापाड्यावर राबाला पाला रचून तयार. नेपू म्हणला, पेटवा."

कुलथे मॅडमनी खरंच पेन उचललं नाही. त्या हनुवटीला हात लावून ऐकत होत्या.

"दरीतून कर्नलनं वर पाहिलं. तीन डोंगर पेटलेले. त्यानं विचारलं, हे काय जळतंय? पलटणीत कुणालाच सांगता येईना. बंदुका होत्या, तोफा होत्या, कोट होते, केसांना तेल होतं. फक्त डोंगरातल्या एका माणसाला कधी जवळ बसवून विचारलं नव्हतं, की बाबा, तुमच्याकडं कधी काय असतं?" ती हे एकाच माणसाकडे बघून बोलत होती. तो मान खाली घालायचा, ती थांबायची. त्याने मान वर केली की ती पुढे सुरू.

तिने रचलेल्या गोष्टीत कर्नल इथून परत जातो आणि नेपू डोंगरावरून बघत राहतो. मोठ्या मनाने. तिला स्वतःलाच तो शेवट फार आवडायचा. पण आत्ता, इथे, पाड्यावरची बावीस माणसं श्वास धरून बसलेली असताना तो तिला बेचव लागला.

"कर्नलनं घोडा वळवला," ती म्हणाली. "नेपूची माणसं म्हणली, जाऊ दे, पळाला. नेपू म्हणला, नाय. तो आज पळाला तर उद्या सुरतेत जाऊन सांगेल, हे डोंगर मीच जिंकले. त्याला इथंच गाठायचा. घाटाच्या खालच्या तोंडाला."

"गाठ!" मागून सोमा ओरडला. त्याचं त्यालाही कळलं नसावं.

आठ मिनिटांची घंटा झाली. शेखर सरांनी हाताने खूण केली, बस. मोहिनीने माईक स्टँडवरून काढून हातात घेतला. शून्यातून आता आणखी किती कापणार? नेपू घाट उतरायला लागला होता, आणि खालपर्यंत अजून बरीच वाट होती.